छत्तीस डावा, एकोणचाळीस उजवा

सहलीची यादी माझ्यापर्यंत आली तेव्हा माझं नाव आधीच कुत्र्यांच्या गाडीखाली लिहिलेलं होतं.

नेदरलँड्समध्ये, लायडनला, एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. आमची अकरा जणांची टीम फेब्रुवारीत तीन दिवस स्वीडनच्या उत्तरेला जाणार होती. टीम-लीडने सगळ्यांना एक शीट पाठवली होती. त्यात दोन रकाने: एक स्नोबाइकचा, दुसरा कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीचा. स्नोबाइक म्हणजे मोटरसायकलच. फक्त पुढच्या चाकाच्या जागी एक रुंद स्की असते आणि मागच्या चाकाच्या जागी रणगाड्यासारखा पट्टा. गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या, क्लच हातात, सगळं तेच. स्नोबाइकखाली नऊ नावं होती. कुत्र्यांच्या गाडीखाली दोन. त्यातला एक जण खरोखरच कुत्र्यांसाठी वेडा आहे. दुसरी मी.

मी माझं नाव तिथून काढलं, स्नोबाइकखाली टाकलं आणि टीम-लीडच्या टेबलाशी गेले. हा साधारण माझ्याच वयाचा डच माणूस, अतिशय सभ्य. कोणाचा वाढदिवस विसरत नाही.

"मला वाटलं, ते तुला जास्त आरामाचं पडेल," तो म्हणाला.

"मला विचारलंस का?"

"नाही. पण..." त्याची नजर माझ्या डाव्या बुटावर गेली आणि लगेच स्क्रीनवर परत आली.

माझ्या टेबलाखाली तीन वर्षांपासून हेल्मेट असतं. एप्रिल ते ऑक्टोबर मी फोरबर्गहून लायडनला मोटरसायकलवर येते. हे त्याला माहीत आहे. एकदा पावसात माझी गाडी सुरू होईना तेव्हा त्यानेच ढकलली होती. तरीसुद्धा यादी करताना त्याला माझं हेल्मेट आठवलं नाही. लंगडणं आठवलं.

"बुटांचा प्रश्न येईल," तो म्हणाला. "सूट, हेल्मेट, हातमोजे ते देतात. बूटही देतात, पण ठरलेल्या मापांचे, जोडीने. नडगी आणि घोटा झाकणारे बूट नसतील तर गाडीवर बसूच देत नाहीत. तुझ्या मापाचे मिळतील का, मला शंका आहे."

"बूट मी आणते," मी म्हटलं.

माझा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वर्षभर प्लास्टर घालून त्यांनी तो सरळ केला, पण तो लहान राहिला तो राहिलाच. आज माझा उजवा पाय अडतीस नंबरचा आहे आणि डावा चौतीसचा. डावी पोटरी माझ्या दंडाएवढी. घोटा लाकडासारखा, वरखाली जेमतेम हलतो. लहानपणी आई मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यायची आणि डाव्यात कापूस कोंबायची. लग्नाकार्यात चपला बाहेर काढायच्या म्हटलं की माझी साडी दोन बोटं खाली नेसवली जायची. पाय दिसू नये, एवढंच सगळ्यांना हवं असायचं. चालता येतंय ना, मग झालं.

मोटरसायकल मात्र मला कोणी शिकवलीच नाही. मोठ्या भावाची होती. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याकडचा रस्ता ओस पडायचा, तिथे मी ती पळवायला लागले. भाऊ म्हणाला होता, गिअर वर उचलायला घोटा लागतो, तुला नाही जमणार. मला घोटा नव्हता, गुडघा होता. मी आख्खा पाय मांडीतून उचलून गिअर टाकायचे. अजूनही तसाच टाकते. चाळिशीत इथला परवाना काढला तेव्हा परीक्षकाने खाली वाकून दोनदा बघितलं, आणि पास केलं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने लॅपटॉप मिटला. तो कापेलला आयटीत आहे, काळजी करण्याचं काम घरात त्याच्याकडेच आहे.

"अगं पण कशाला? सगळे जाऊ देत ना गाडीवर. तू कुत्र्यांबरोबर जा, फोटो तरी छान येतील."

"मला फोटो नकोयत."

"पडलीस तर? तिथे मी नसणार."

"पडणारच आहे. बर्फात सगळेच पडतात."

"पण तुझा पाय..."

"माझा पाय चव्वेचाळीस वर्षं पडतोच आहे."

मग तो म्हणाला, निदान हाउसआर्ट्सला, आपल्या फॅमिली डॉक्टरला, तरी विचार. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचा पाय तुम्ही माझ्यापेक्षा चांगला ओळखता, फक्त गारठू देऊ नका, या पायात रक्त कमी फिरतं. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. नोव्हेंबर लागला की डावी बोटं मला रोज हेच सांगतात.

त्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. नवऱ्याच्या ऑफिसजवळ, कापेलच्या औद्योगिक भागात, मोटरसायकलच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे. तेरा वर्षांची मुलगी बरोबर होती, कारण नंतर खायला जायचं कबूल केलं होतं. दुकानदार उंच, दणकट. मी बाकावर बसून बूट काढला तसा तो थबकला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाला, "कोणतं माप हवंय त्यांना?"

"त्यांनाच विचारा," नवरा म्हणाला. त्या दिवशी मला तो फार आवडला.

दुकानदाराने आधी घोट्यापर्यंतचे, आतून लोकर लावलेले बूट आणले. "खूप गरम. चालायला छान."

"मी चालायला जात नाहीये. स्नोबाइक चालवायची आहे."

मग त्याने बर्फगाडीवर घालतात ते बूट आणले. खाली रबर, वर जाड कापड, आतल्या बाजूला, काढता-घालता येणारं, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं अस्तर. पाय आत गेल्या गेल्या ऊब यायला लागली. पण नडगीवर मी मूठ आपटली तर मूठ सरळ हाडाला लागली. स्नोबाइकवर माणूस बराच वेळ उभाच असतो, पाय ठेवायच्या दोन अरुंद दातेरी दांड्यांवर, पायटांवर. गाडी कलंडली की तेच पायट नडगीवर येतं. शिवाय तळवा इतका मऊ की पायट तळपायाला टोचणार. उलट, मातीतल्या शर्यतींचे बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं चिलखत: नडगी सुरक्षित, घोटा सुरक्षित, तळवा पक्का, पण ऊब नाही आणि पाणी सगळीकडून आत. गरम असतात ते मऊ, आणि कडक असतात ते गार. दोन्ही गुण एकत्र असलेले बूट असतात, पण ते त्याच्याकडे फक्त चाळीसच्या पुढे होते.

"तर मग कडक द्या," मी म्हटलं. "ऊब मी आत घालेन."

उजव्याला एकोणचाळीस बरा बसला. मोठ्यांच्या बुटांतला सगळ्यात लहान नंबर छत्तीस होता. तो डाव्यात घालून मी सगळी बकलं शेवटच्या खाचेपर्यंत ओढली, तरी पोटरी आणि बूट यांच्यामध्ये माझी मूठ जात होती. असा बूट असून नसल्यासारखा. दुकानदाराने खांदे उडवले.

"लहान मुलांचे कुठे ठेवता?" मी विचारलं.

त्याने दुकानाच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे भडक हिरवे, केशरी बूट होते, आगीच्या ज्वाळा काढलेले. मी हिरवा छत्तीस उचलला आणि तिथेच जमिनीवर बसून डाव्या पायात चढवला. बकलं मधल्या खाचेत लागली. नडगीवर प्लास्टिक चपखल बसलं. चौतीसच्या पायाभोवती अस्तराला हवी तेवढी जागा उरली. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादा बूट माझ्या डाव्या पोटरीला सगळीकडून धरून होता.

"आई, नो," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "धिस इज फॉर किड्स. त्यावर फ्लेम्स आहेत."

"पाय पण लहानच आहे."

"पण दुसरा ब्लॅक आहे! एव्हरीवन विल लुक."

"बघू देत."

ती नाक मुरडून वडिलांमागे जाऊन उभी राहिली. हिरवा डावा आणि काळा उजवा घालून मी दुकानात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले. दोन गिऱ्हाइकांनी बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं.

एकेक बूट विकत नाही म्हणाले, तेव्हा दोन्ही जोड घ्यावे लागले. उरलेला हिरवा उजवा आणि काळा डावा आमच्या कपाटावर ठेवले आहेत. माझ्या उलट पायांची कोणी भेटली तर देईन.

आता ऊब आणि पाणी. त्यासाठी मी फोरबर्गमधल्या माझ्या बूट करणाऱ्या बाईंकडे गेले. गेली नऊ वर्षं माझे रोजचे बूट त्या पायाचा साचा घेऊन करून देतात: एक वर्ष काळे, एक वर्ष करडे, पुन्हा काळे. साठी उलटलेली, बोटं कायम डिंकाने चिकट, बोलणं मोजकं. मी हिरवा बूट टेबलावर ठेवला आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पाय वाचवायला बूट करते. मोडायला नाही."

"मोडायला नेतच नाहीये मी."

"हा पाय अशा कामाचा नाही."

"नऊ वर्षं तुम्ही या पायाला बूट करताय. या पायाने मी रोज काय करते ते कधी विचारलंत का?"

"विचारलं नाही," त्यांनी मान्य केलं.

"मी जाणार हे ठरलंय. तुम्ही करून दिलंत तर पाय कोरडा घेऊन जाईन, नाही दिलंत तर ओला."

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला, त्याचा दांडा दोन खुर्च्यांमध्ये आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "गिअर कसा टाकता ते दाखवा."

मी हिरवा बूट चढवला, दांड्याखाली चवडा घातला आणि पाय उचलला. त्या गुडघे टेकून खाली बसल्या, गाल जवळपास फरशीला लागेल इतक्या. "पुन्हा." मी पुन्हा उचलला. "पुन्हा." आठ-दहा वेळा झाल्यावर त्या उठल्या.

"घोटा काहीच करत नाही. सगळं मांडीतून."

"पंचवीस वर्षं."

"मग घोट्याला हलायला जागा ठेवायची गरजच नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तिथे भरून काढू. टाच दीड सेंटिमीटर उचलू, म्हणजे मांडीला कमी उचलावं लागेल." आणि त्यांनी साच्यासाठी पाणी तापत ठेवलं.

दोन आठवड्यांनी अस्तर तयार झालं. बुटाच्या आत जाणारा एक दुसराच मऊ बूट होता तो: आतून लोकरीचा नमदा, खाली पायाच्या आकाराचं कॉर्क, बाहेरून पाणी न शिरणाऱ्या कापडाची पिशवी, शिवणींवर पट्टी चिकटवलेली. वर गुडघ्याखाली दोरीने आवळायची कापडी बाही, म्हणजे तोंडातून बर्फ आत पडणार नाही. बाईंनी मला दम भरला: आवळून बांधायचं नाही. बोटं आत हलली पाहिजेत. ऊब लोकर देत नाही, लोकरीत अडकलेली हवा देते, ती दाबून मारलीत तर संपलं. सुती मोजा नाही, एकच लोकरीचा. रात्री अस्तर बाहेर काढून वाळवायचं, हीटरवर नाही.

मी लॅबमध्ये काम करणारी बाई आहे, कोणाच्या सांगण्यावर माझं भागत नाही. बाल्कनीत भाज्यांचा प्लास्टिकचा क्रेट ठेवला, पाणी भरलं, फ्रीजरमधला होता नव्हता तेवढा बर्फ ओतला. स्वयंपाकाच्या थर्मामीटरची तार बोटांमध्ये अडकवली, बूट चढवला आणि क्रेटमध्ये पाय घालून खुर्चीवर बसले. दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. समोरच्या इमारतीतला म्हातारा पडदे नसलेल्या खिडकीतून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने हात हलवला, मीही हलवला. नवऱ्याने चहा आणून दिला.

"किती आहे?"

"सव्वीस."

"बाहेर दोन आहे," तो म्हणाला आणि माझी शाल घेऊन आला.

विसाव्या मिनिटाला घोट्याच्या आतल्या बाजूला ओल जाणवली. शिवण. बूट पिशवीत घालून बाईंकडे परत. त्यांनी अस्तर उलटं केलं, पाणी भरून दिव्याखाली धरलं, थेंब कुठून येतोय ते सापडल्यावर एक शब्द उच्चारला जो मी इथे लिहिणार नाही. पुढच्या शनिवारी सत्तर मिनिटं बसले. पाय कोरडा. आकडा चोवीसच्या खाली गेला नाही.

स्वीडनला पहिल्या सकाळी बर्फ मांडीपर्यंत होता. आम्हाला नेणारी गाइड तिथलीच, पंचविशीतली. तिने माझ्या हिरव्या-काळ्या बुटांकडे पाहिलं, वाकून डाव्याची बकलं ओढून बघितली, नडगीवर थाप मारली आणि म्हणाली, "चांगले आहेत." बस, एवढंच. तिने पायाबद्दल विचारलं नाही.

पहिल्या तासात मी चार वेळा पडले. टीम-लीड सहा वेळा. मी मोजत होते. तिसऱ्या वेळी गाडी माझ्या डाव्या अंगावर कलंडली आणि पायट नडगीवर येऊन बसलं. कर्रर्र असा आवाज झाला. मी बर्फात उताणी पडले होते, वर पांढरं आभाळ, आणि मी नीट मनात तपासलं: दुखतंय का? दुखत नव्हतं. दाब जाणवत होता, एवढंच. टीम-लीड धापा टाकत, कंबरेपर्यंत रुतत माझ्याकडे यायला लागला.

"पाय! तुझा पाय!"

"पाय ठीक आहे. गाडी उचल."

त्याने आणि गाइडने गाडी उचलली. हिरव्या प्लास्टिकवर बोटभर लांब ओरखडा पडला होता. मी उभी राहिले, गाडी सुरू केली, पाय मांडीतून उचलला. गिअर पडला.

दुसऱ्या तासात मात्र बोटं बधिर व्हायला लागली. मी पायटावर पाय आपटायला लागले तशी गाइडने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. टीम-लीडने लगेच विचारलं, "डावा ना?"

"उजवा."

"उजवा?"

उजवा. माझा चांगला पाय, ज्याची कोणालाच कधी काळजी नव्हती, मलाही नाही. त्यावर मी दोन मोजे चढवले होते आणि बकलं करकचून आवळली होती. एकोणचाळीसमध्ये बोटांना हलायला तसूभरही जागा उरली नव्हती. डाव्यावर महिनाभर राबले, उजव्याला गृहीत धरलं. मला हसू फुटलं, थांबेचना. बर्फात बसून मी बूट काढला, एक मोजा खिशात घातला, बकलं दोन खाचा सैल केली. गाइडने तोवर माझी बोटं आपल्या हातात धरून चोळली. पंधरा मिनिटांत ती दुखायला लागली, म्हणजे परत आली.

संध्याकाळी लाकडी खोलीत सगळ्यांनी बूट, अस्तरं काढून शेगडीपासून हातभर लांब वाळत टाकली. अनवाणी पाय एका ओळीत पसरले. मीही दोन्ही पसरले. डावा झाकायला जवळ पांघरूण होतं, ते मी घेतलं नाही. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं. मग कोणीतरी सूप आणलं आणि सगळे माझ्याच पडण्याच्या गोष्टी मलाच सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी वारा होता. गाइड म्हणाली, ज्यांना नको वाटतंय त्यांनी राहिलं तरी चालेल. तिघं राहिले. मी गेले, आणि त्या दिवशी दोनदाच पडले.

परत आल्यावर आठवड्याभराने मी बाईंकडे बूट घेऊन गेले. अस्तर कसं टिकलं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग हिरव्या बुटाचा चवडा दिव्याखाली धरला. गिअरच्या दांडीने वरचं प्लास्टिक घासून पांढरं पडलं होतं, रुपयाएवढा गोल डाग.

"इथे चामड्याचा तुकडा लावते," त्या म्हणाल्या. "उजवा आणलात का?"

"नाही. का?"

"तुम्ही फोनवर सांगितलंत ना, तो गारठला. तो मी पाहिलाच नव्हता. नऊ वर्षांत कधीच नीट मापला नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं आणि माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. "पुढच्या हिवाळ्याआधी महिनाभर या. दोन्ही पाय घेऊन या."